कोंबडी कोल्ह्याला विष घालत नाही

चिंतनासाठी वाचन: लूक १३:३१–३५, निर्गम २२:१०–१३, अनुवाद २२:८



आज जरा कडू लिहिणार आहे. कोल्ह्याने मांजर नेले म्हणून मटणाच्या तुकड्यात कीटकनाशक कालवून बांधावर ठेवणारा माणूस रविवारी वेदीसमोर येतो आणि ख्रिस्तशरीरासाठी हात पुढे करतो. आदल्या रात्री त्या हाताला कसला वास येत होता, हे त्याने स्वतःला विचारावे. मी कोणा एकाचे नाव घेत नाही. हा विषय एका घराचा राहिलेलाही नाही. जोयडा तालुक्यात नंदिगड्ड्याच्या बाजूला आपली घरे विखुरलेली आहेत. तिथे जपमाळ संपून चहा आला की हल्ली हेच बोलणे निघते. कोणाचे मांजर गेले, कोणाची पिल्ले गेली, कोणाच्या कोंबड्या गेल्या. मग कोणीतरी आवाज खाली आणून सांगतो, "त्यावर औषध आहे माझ्याकडे."

औषध! आपण विषाला औषध म्हणतो. उंदराचे औषध, फवारणीचे औषध, ढेकणांचे औषध. शब्द इतका सोज्वळ की पुडी हातात घेताना कोणाला खून आठवत नाही. देवासमोर मात्र वस्तूला तिच्या नावाने हाक मारलेली बरी. ते विष आहे, आणि ते रात्री गुपचूप ठेवले जाते. प्रकाशात करता येत नाही असे काम ख्रिस्ती माणसाने करण्याआधी दोनदा विचार करावा, एवढे तर आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेले आहे.

आधी प्राणी कोणता ते पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो साधारण आठ ते अकरा किलोचा, करड्या-पिवळसर अंगाचा, जोडीने संसार करणारा प्राणी. इंग्रजीतला जॅकल तो हा. इंग्रजीतला फॉक्स म्हणजे आपली खोकड. ती सोलापूर-अहिल्यानगरच्या उघड्या माळावर राहते आणि वजनाला दोन-तीन किलो, म्हणजे घरातल्या धष्टपुष्ट बोक्याहून हलकीच. जोयड्याच्या रानात संध्याकाळी हाळी घालतो तो कोल्हा. कोंकणीत कोलो, कन्नडमध्ये नरी. बायबलमधल्या हिब्रू शब्दात कोल्हा आणि खोकड दोघेही बसतात. शमशोनाने पकडलेले तीनशे प्राणी कोल्हेच असावेत असे अनेक अभ्यासक मानतात, कारण खोकड एकटी हिंडते, इतक्या संख्येने सापडायची नाही. मराठी बायबलमध्ये 'कोल्हे' आले ते आपल्या दृष्टीने बरेच झाले. वाचताना आपल्याला आपल्या परसातलाच प्राणी दिसतो.

हा कोल्हा खातो काय? उंदीर, घुशी, सरडे, खेकडे, किडे, झाडाखाली पडलेली जांभळे, मेलेली जनावरे. मांजर हे त्याचे रोजचे जेवण नव्हे. मोठ्या मांजराला नखे असतात, आणि ते झाडावर चढते, कोल्ह्याला ते जमत नाही. त्याच्या तावडीत सापडतात ती पिल्ले, म्हातारी किंवा आजारी मांजरे, आणि रात्री जमिनीवर पळायला जागा नसलेले एखादे. कोल्हा मांजर नेतच नाही असे मी म्हणत नाही. नेतो. पण हरवलेले प्रत्येक मांजर त्याच्या खात्यावर मांडायचे, हा कुठला न्याय? आपण राहतो त्या रानात बिबट्या आहे, काळा बिबट्यासुद्धा आहे. अजगर आहे. शिवाय आपणच मोकाट सोडलेली कुत्री आहेत, ती टोळीने मांजर फाडतात. सकाळी अंगणात केसांचा पुंजका तेवढा उरतो. पण रात्री कोल्हा ओरडलेला असतो, म्हणून निकाल लागतो. बिबट्या गप्प येतो, गप्प जातो, त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. ओरडला तो गुन्हेगार!

आता वचनांकडे येतो. मला खरा राग तिथे आहे. विषाची पुडी घेऊन बसलेली माणसे हल्ली बायबलही घेऊन बसतात. गीतरत्नात द्राक्षमळ्यांची नासाडी करणाऱ्या लहान कोल्ह्यांना धरा असे म्हटले आहे की नाही? आहे. प्रभूने हेरोदाला कोल्हा म्हटले की नाही? म्हटले. मग कोल्हा म्हणजे दुष्टच, आणि दुष्टाचा नायनाट करायचा तर त्यात पाप कसले, असा हा हिशोब.

गीतरत्न हे प्रेमाचे गीत आहे. त्यातल्या कोल्ह्यांचा अर्थ आपले धर्मगुरू पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत, की प्रेमाच्या आणि विश्वासाच्या मळ्यात शिरणारी बारीकसारीक पापे. ते ऐकताना मान डोलवायची आणि घरी येऊन त्याच वचनातून शेजारच्या रानातल्या जनावराचा मृत्युदंड काढायचा, हे कसे चालेल? बरे, शब्दशः घ्यायचे तर शब्दशः घ्या. तिथे धरायला सांगितले आहे, विष घालायला नाही. आणि यशयाच्या पाचव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी काय करतो पाहा. दगड वेचतो, बुरूज बांधतो, आणि मळ्याला कुंपण असते. मळा उजाड कधी होतो? कुंपण निघाल्यावर.

हेरोदाचे वचन तर मी पुन्हा पुन्हा वाचायला सांगेन, पण पुढच्या दोन वचनांसकट. प्रभू हेरोदाला कोल्हा म्हणतो. ते माणसाला म्हटले आहे, जनावराला नाही. ज्याने योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा शिरच्छेद करवला त्या राजाला. आणि लगेच प्रभू स्वतःची तुलना कशाशी करतो? सिंहाशी नाही, शिकाऱ्याशी नाही. पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीशी. ज्याच्या घरी खुराडे आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कोल्ह्याची चाहूल लागली की कोंबडी काय करते? ती त्याच्या मागे रानात धावत नाही. त्याच्या वाटेवर विष ठेवत नाही. ती आवाज देऊन पिल्ले जवळ घेते आणि पंख पसरून त्यांच्यावर बसते. कोल्हा आहे हे तिला पक्के ठाऊक असते, म्हणूनच ती पंख पसरते. आणि यरुशलेमेविषयी प्रभूचे दुःख कोणते? मी बोलावले, पण तुम्ही पंखांखाली आला नाहीत. कोल्ह्याबद्दल तो एका वाक्यापुरते बोलतो. रडतो तो पिल्लांसाठी.

आमचे एक वडीलधारे सभासद यावर दाविदाचे उदाहरण देतात. दाविदाने मेंढरू नेणाऱ्या सिंहाला आणि अस्वलाला मारले नाही का? मारले. उदाहरण चांगले आहे, मला उपयोगीच पडते. दावीद त्या वेळी कुठे होता? कळपाजवळ. मेंढरू जबड्यात होते आणि तो मागे धावला, जीव धोक्यात घालून त्याने ते सोडवले. तुमच्या डोळ्यांदेखत कोल्ह्याने मांजर धरले आणि तुम्ही काठी घेऊन धावलात, तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण दावीद मांसात विष कालवून घरी जाऊन झोपला नव्हता. योहानाच्या दहाव्या अध्यायात लांडगा येतो तेव्हा ठपका लांडग्यावर ठेवलेला नाही, कळप टाकून पळणाऱ्या मोलकऱ्यावर ठेवला आहे. लांडगा लांडग्यासारखा वागला. मोलकरी राखणदारासारखा वागला नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात हे आणखी स्पष्ट आहे, आणि त्यावर कोणी प्रवचन देताना मी फारसे ऐकलेले नाही. शेजाऱ्याने राखायला दिलेले जनावर चोरीला गेले तर राखणाऱ्याने भरपाई द्यायची. पण रानातल्या श्वापदाने फाडले असेल तर उरलेला भाग पुरावा म्हणून दाखवायचा, आणि प्रकरण मिटले. चोर वेगळा, श्वापद वेगळे. श्वापदावर खटला नाही. उलट पाळीव बैलाने माणसाला मारले तर मात्र प्रश्न येतो, हा मारका आहे हे धन्याला ठाऊक होते का, आणि ठाऊक असून त्याने बांधून ठेवला होता का? म्हणजे शास्त्र जबाब कोणाकडे मागते? ज्याच्या हातात दावे आहे त्याच्याकडे. तसेच अनुवादातला तो कठड्याचा नियम. नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा बांध, नाहीतर कोणी पडले तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर. तिथे कोणी उंचीला दोष देत नाही.

मांजर आपण पाळले. कोल्ह्याला आपण पाळलेले नाही. देवाने मांजर आपल्या हाती दिले असे म्हणायचे असेल, आणि मी तसे म्हणतो, तर त्याचा हिशोबही आपल्याकडेच मागितला जाणार. दिवेलागणीनंतर ते आत आहे की बाहेर, हे पाहणे कोल्ह्याचे काम नाही.

आणि मांजरांवरच्या आपल्या प्रेमाविषयीही थोडे बोलू या. एका मांजरासाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या घरांतूनच पिल्लांची पोती निघतात, हे आपण सगळे जाणतो. भाटी वर्षातून दोनदा-तीनदा विते. पिल्ले नकोशी होतात. मग एक दिवस ती पिशवीत घालून रस्त्याच्या वळणावर, रानाच्या कडेला सोडली जातात. 'जगतील कशीतरी.' कशी जगतील? डोळे नुकतेच उघडलेली चार पिल्ले अंधार पडताना रानाच्या तोंडाशी ठेवायची, म्हणजे कोल्ह्यासाठी ताट वाढायचेच झाले. पहिला घास आपणच भरवला, आणि तोच प्राणी पुढे आपल्या अंगणापर्यंत वास काढत आला की त्याला राक्षस ठरवायचे. पिल्ले नको असतील तर भाटीची नसबंदी करून घ्यावी. बोक्याचीही करावी. तो रात्रभर हिंडायचा कमी होतो आणि आपसूक वाचतो. पशुवैद्याकडे नेण्याचा खर्च आणि त्रास आहे, मान्य. पोत्याचा खर्च काहीच नसतो, म्हणूनच तर पोते निघते.

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, जो १९९२ साली आला, प्राण्यांविषयी चार छोटे परिच्छेद आहेत. त्यांचे सार असे की प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याच ठिकाणी दुसरी बाजूही सांगितली आहे, की प्राण्यांवर माया करावी, पण माणसाच्या वाट्याचे प्रेम त्यांच्यावर उधळू नये. दोन्ही बाजू आपल्याला लागू आहेत. मांजरासाठी विष कालवणाऱ्याला पहिली. आणि शेजारच्या म्हातारीच्या औषधाला पैसे नाहीत हे ठाऊक असून मांजराच्या खाण्याचे महागडे पाकीट आणणाऱ्याला दुसरी.

'पण देवाने माणसाला सत्ता दिली आहे ना?' दिली आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. दुसऱ्या अध्यायात हेही आहे की बागेची मशागत आणि राखण करायला माणसाला तिथे ठेवले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या दोन अध्यायांना एकत्र वाचायला सांगितले आणि सत्ता म्हणजे लूट करण्याची परवानगी नव्हे हे बजावले. ज्यांना परिपत्रके वाचायचा कंटाळा आहे त्यांनी निर्गमचा तेविसावा अध्याय वाचावा. सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचे. का? जे आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे, आणि गरिबांकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी. परमेश्वराने रानातल्या जनावराचा वाटा कायद्यात लिहून ठेवला आहे. शेवटचा वाटा आहे, पण आहे. आपण तो भुरटेगिरीत जमा करतो.

आपल्या तालुक्यातल्या माणसाला तर हे अधिक समजायला हवे. या तालुक्याचे नाव पूर्वी सुपा होते. धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि कितीतरी कुटुंबे रामनगरला नेऊन वसवली. 'आमच्या घरावर आता मासे पोहतात' असे सांगणारी माणसे आपल्यात आहेत. दुसरीकडे १९५६ साली दांडेली अभयारण्य झाले, १९८७ला अणशी राष्ट्रीय उद्यान, २००७ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, आणि २०१५ला त्याला काळी नदीचे नाव मिळाले. रानाच्या आत आणि कडेला राहणाऱ्यांनी या प्रत्येक वेळी ऐकले की तुमची जागा ही तुमची नाही. प्रभू म्हणतो की कोल्ह्यांना बिळे आहेत, पाखरांना घरटी आहेत, मनुष्याच्या पुत्राला मात्र डोके टेकायला ठाव नाही. हे तो कोल्ह्याचा हेवा करत म्हणतो असे मला वाटत नाही. ज्याला जागा नाही तो दुसऱ्याची जागा मान्य करून बोलतो. बेघर झालेल्या माणसाला बिळाची किंमत कळायला हवी. आणि आपण? सुपारीच्या बागेच्या टोकाला बीळ दिसले की पहिला विचार धूर करण्याचा.

विषाचे पुढे काय होते, हेही सांगतो, कारण 'कोल्हा मेला, विषय संपला' असे कोणाला वाटत असेल. कोल्हा क्वचितच जागेवर मरतो. तो ओढ्यापर्यंत जातो, पाण्याजवळ पडतो. मग त्याला कावळे लागतात, घारी लागतात, मुंगूस लागते, गावातली कुत्री लागतात. मेलेले ते खातात आणि तेही मरतात. आणि मटणाच्या त्या तुकड्यापर्यंत सर्वांत आधी कोण पोचण्याची शक्यता आहे? बांधाजवळच राहणारे, मांसाचा वास ओळखणारे, रात्री बाहेर हिंडणारे तुमचेच मांजर! ज्याच्या नावाने सूड घ्यायचा तेच पहिला बळी. शमशोनाची गोष्ट आठवा. त्याने कोल्ह्यांच्या शेपट्यांना मशाली बांधून पलिष्ट्यांची शेते जाळली. त्याच्या बदल्यात पलिष्ट्यांनी त्याच्या बायकोला आणि सासऱ्याला जाळले. कोल्ह्यांना हत्यार केले की आग कुठे जाऊन थांबेल हे लावणाऱ्याच्या हातात राहत नाही. मुलांचे तर बोलायलाच नको. रस्त्याकडेला पडलेले काहीही तोंडात घालणारी दोन वर्षांची पोरे आपल्या घराघरांत आहेत.

कायद्याचेही सांगून ठेवतो, कोणी 'ठाऊक नव्हते' म्हणू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. विष घालणे, फास लावणे, सापळा मांडणे हे सगळे शिकारीच्या व्याख्येतच येते. पण अटकेच्या भीतीने थांबणाऱ्यासाठी मी हे लिहीत नाही. तो पोलीस पाटी बदलली की पुन्हा सुरू करील.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो, नाहीतर ती खूश होऊन बसतील. काही घरांत कोल्ह्यासाठी रात्री भात आणि माशाची मुंडकी ठेवली जातात. संत फ्रान्सिस असीसीकरांनी गुब्बियोच्या लांडग्याला 'भाऊ' म्हटले आणि गावाने त्याला जेवू घातले, ही गोष्ट त्यांना फार आवडते. मलाही आवडते. फ्रान्सिस १२२६ साली वारले आणि ही गोष्ट ज्या संग्रहात येते तो पुढच्या शतकातला आहे. गोष्ट म्हणून ती भुकेची आणि समेटाची आहे, परसात ताट मांडण्याची कृती नव्हे. कोल्ह्याचे आणि आपले जे काही बरे चालले आहे ते त्याला माणसाची भीती आहे म्हणून. खायला घातले की भीती जाते. भीती गेली की तो दिवसा येतो, कुत्र्यांशी भिडतो, एखाद्या पोराजवळ जातो, आणि मग पुडी बाहेर निघतेच. प्रेमाने भात ठेवणारा आणि द्वेषाने विष ठेवणारा, दोघेही त्या कोल्ह्याला एकाच जागी बोलावतात.

आणि नकळत खायला घालणारे तर आपण सगळेच. रविवारी कोंबडी कापली की पिसे आणि आतडी कुठे जातात? उकिरड्यावर, नाहीतर रस्त्याच्या पलीकडे. लग्नाचे किंवा सणाचे जेवण झाले की उरलेले अन्न आणि हाडे मांडवाच्या मागे. चर्चच्या सणाला हे मी दरवर्षी पाहतो. शंभर-दीडशे माणसांच्या जेवणाची हाडे रानाच्या कडेला ओतून आपण रात्री झोपतो आणि दुसऱ्या दिवशी कोल्हे गावात शिरले म्हणून ओरडतो. खड्डा खणून त्यावर हातभर माती लोटायला दोन माणसांचा अर्धा तास लागतो. युवक मंडळाला मी हे आधीही सांगितले आहे, आता लेखी सांगतो.

रेबीजची भीती मात्र खोटी नाही. कोल्ह्याला रेबीज होतो. मुंबईत २०२४ साली मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणीत तो आढळल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. दिवसाढवळ्या झोकांड्या खात, न घाबरता अंगावर येणारा कोल्हा दिसला तर मुलांना आत घ्यावे आणि वनखात्याला कळवावे, काठी घेऊन शौर्य दाखवू नये. पण जगभरात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भीती खरी असेल तर आधी आपल्या कुत्र्याला आणि मांजराला लस टोचून घ्या. रानातल्या कोल्ह्याला चावलेले मांजर घरात पोराच्या कुशीत येऊन झोपते, ही तर लस देण्याची सर्वांत मोठी गरज. आणि कोणालाही चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मंत्र यांत एक तासही घालवू नका.

मंत्रावरून आठवले. कोल्हा रडला की घरात कोणी जाणार, असे मानणारे आपल्यात आहेत. कन्नड बाजूला उलट कोल्ह्याचे तोंड दिसणे भाग्याचे समजतात. नशीब उजळलेल्याला 'नरीचे तोंड पाहून उठलास काय' असे विचारतात. एकाच प्राण्याने सीमेच्या एका बाजूला शुभ आणि दुसऱ्या बाजूला अशुभ व्हायचे! आणि 'कोल्ह्याचे शिंग' म्हणून ताईत विकत घेणारा बाप्तिस्मा घेतलेला माणूस मी स्वतः पाहिला आहे. कोल्ह्याला शिंग नसते. कातडी आणि केसांचा गोळा असतो तो, आणि त्याच्यासाठी कोल्हे मारले जातात. गळ्यात क्रूस आणि खिशात कोल्ह्याचे शिंग, हा कोणता विश्वास ते त्याने आपल्या धर्मगुरूंना विचारावे.

राहता राहिले कोंबड्यांचे, आणि इथे माझा आवाज मी खाली आणतो. मांजर गेले तर मन दुखते. पाच कोंबड्या गेल्या तर विधवा बाईच्या घरातले अंड्यांचे पैसे जातात, पोराची वही जाते. तिच्यापुढे जाऊन सृष्टीवर प्रवचन देणे हा निर्दयपणा आहे. तिला खुराडे हवे. कोल्हा उकरतो, म्हणून खुराड्याची जाळी जमिनीत हातभर खाली गेली पाहिजे, किंवा खुराडे खांबांवर उंच हवे. तळाला फळ्या, वर कौले, आणि नाकाने ढकलून उघडणार नाही अशी कडी. डालग्याखाली झाकून वर दगड ठेवणे पुरत नाही, दगड सरकतो. अशी दोन खुराडी या वर्षी आपल्या हातांनी बांधता येतील. एका घरी सुतारकाम येते, दुसऱ्या घरी जुनी जाळी पडून आहे, तिसरा फक्त जेवण देईल. संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीच्या खात्यातून शिधा देता येतो, तर जाळीही देता यायला हवी.

मांजराचे त्याहून सोपे आहे. त्याचे मुख्य जेवण रात्रीचे ठेवा, तेही आत, सूर्य मावळायच्या सुमारास, रोज त्याच वेळी. सुकटीचा वास आला की ते कुठूनही येते. मग दार लावा. पहिले आठ-दहा दिवस ते दाराशी बसून रडेल, तुमची झोप मोडेल, माळ्यावरून भांडी पाडेल. नंतर सवय होते. जे मांजर आत राहूच शकत नाही, गोठ्यातले किंवा भाताच्या कोठारातले, त्याच्यासाठी माळ्यापर्यंत एक तिरकी फळी लावून ठेवा, चढायला जागा असली की ते वाचते. आणि पहाटे झुंजूमुंजू व्हायच्या आधी दार उघडू नका. त्या वेळी कोल्हा परतीच्या वाटेवर असतो.

४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिस यांच्या सणाला आपण प्राणी आशीर्वादासाठी आणतो. या वर्षी ज्यांच्या घरी अजून ती पुडी आहे त्यांनी मांजर आणण्याआधी पुडीचा निकाल लावावा. ओढ्यात टाकू नका, तिथे मासे आहेत आणि खाली आपल्याच माणसांचे पाणी आहे. चुलीत टाकू नका, धूर विषारी असतो. मूळ पाकिटातच, पोरांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवून कृषी खात्याच्या माणसाला विचारा. कोणाला एकट्याने विचारायची लाज वाटत असेल तर मला निरोप द्या, मी बरोबर येईन.